शेवटचा तुकडा जोडल्यानंतर

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढाच्या माथ्यावर नेऊन सोडते आणि तिथून स्थानकात परत येईपर्यंतचा सगळा प्रवास त्या एका उंचीच्या भांडवलावर चालतो. उतरताना उंचीचा वेग होतो, चढताना वेगाची उंची होते आणि प्रत्येक अदलाबदलीत घर्षण आपली दलाली कापून घेतं. म्हणून दुसरा डोंगर पहिल्यापेक्षा बुटका आणि शेवटचा तर नुसता उंचवटा. ऐंशी मीटर उंचीच्या पोलादी सांगाड्याला हा हिशेब लागू आहे, तसाच टेबलावरच्या ऐंशी सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकलाही. मोठ्या कोस्टरचा हिशेब अभियंत्यांनी आधीच मांडून ठेवलेला असतो. मॉडेलचा आपला आपण करावा लागतो, मग किट कितीही महागाचं असो.

शेवटचा तुकडा बसतो, सगळं खोक्यावरच्या चित्रासारखं दिसायला लागतं. मोटर सुरू होते, गाडी कटकट करत वर चढते, सुटते, लूपच्या निम्म्यात दमते आणि उलटी घसरत येते. किट जोडणाऱ्या बऱ्याच जणांची पहिली फेरी अशीच जाते, आणि माहितीपुस्तिका नेमकी इथे संपलेली असते. आगगाडीच्या मॉडेलवर ही वेळ येत नाही, कारण तिला मोटर सतत ओढते. विमानाचं मॉडेल तर कपाटात उभं राहिलं तरी भागतं. कोस्टरचं मात्र एकही तुकडा चुकीच्या जागी नसताना चालायचं राहू शकतं. हे पुस्तक तिथून सुरू होतं.

मोठ्या कोस्टरचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण खोक्यातून निघणारा जवळपास प्रत्येक भाग कुणाच्या तरी जुन्या अडचणीचं उत्तर आहे. सुरुवात रशियातल्या बर्फाच्या घसरगुंड्यांपासून होते. सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात लाकडी सांगाड्यावर बर्फ चढवून त्या उभारत. उन्हाळ्यातही घसरता यावं म्हणून अठराव्या शतकात त्यांना चाकांच्या गाड्यांची जोड मिळाली, आणि १८१७ मध्ये पॅरिसमध्ये असे उतार लोकांच्या करमणुकीसाठी खुले झाले. आजच्या कोस्टरशी थेट नातं मात्र अमेरिकेतल्या एका खाणीच्या रुळाचं आहे. पेनसिल्व्हानियातल्या माउच चंक गावी १८२७ मध्ये डोंगरावरचा कोळसा खाली आणायला उतारावर रूळ टाकले गेले. कोळशाच्या वाघिणी गुरुत्वाकर्षणानं खाली यायच्या आणि रिकाम्या वाघिणी खेचरं वर ओढून न्यायची. ती खेचरंही खाली येताना वाघिणीत बसूनच यायची. पुढे याच रुळावर पैसे मोजून सहलीला येणाऱ्यांची रीघ लागली.

ला मार्कस थॉम्पसननं १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर जी स्विचबॅक रेल्वे उभारली, ती सुमारे १८० मीटर लांब होती. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आत-बाहेर, तिकीट पाच सेंट. टोकाला पोचल्यावर लोक उतरायचे, नोकर गाडी ढकलत शेजारच्या रुळाच्या मनोऱ्यावर चढवायचे आणि मग परतीचा प्रवास. आज हे बाळबोध वाटतं, पण घरी पहिलंच मॉडेल करणाऱ्याला मी हाच आराखडा सुचवतो. त्यात बंद वर्तुळ जुळवण्याची कटकट नाही, साखळी नाही, आणि गाडी किती उंचीवरून निघाली नि किती उंचीपर्यंत पोचली हे पट्टी लावून मोजता येतं.

कोनी आयलंडवरच १८९५ मध्ये फ्लिप फ्लॅप नावाचा लूपचा कोस्टर आला. त्याचा लूप शुद्ध वर्तुळ होता आणि तिथेच घोटाळा होता. घर्षण विसरून गणित करा: वर्तुळाच्या माथ्यावरून गाडी न पडता जायची असेल, तर तिनं लूपच्या त्रिज्येच्या किमान अडीच पट उंचीवरून सुटायला हवं. तेवढ्याच उंचीवरून सुटली तर लूपच्या तळाशी शिरता क्षणी तिच्यावरचा दाब वजनाच्या सहापट होतो. सरळ रुळावरून वर्तुळात शिरताना तो हळूहळू वाढत नाही, धक्क्यासारखा येतो. बसणाऱ्यांच्या माना त्यात सापडत. खरा उपाय रूढ व्हायला १९७६ साल उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमध्ये अँटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर स्टेंगेल या जर्मन जोडीनं ‘ग्रेट अमेरिकन रिव्होल्यूशन’ बांधला. त्याचा लूप तळाशी पसरट आणि माथ्याशी आवळलेला आहे, उलट्या धरलेल्या थेंबासारखा. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. मॉडेलच्या गाडीला मान नसते, पण लवणारा प्लॅस्टिकचा रूळ असतो. सहापट दाबाखाली तो वाकतो, आणि जेवढा वाकला तेवढी ऊर्जा गेली. स्वस्तातल्या किटांमध्ये अजूनही गोल लूप दिसतो, त्याला कारण एकाच साच्यातून निघणारे सारखे तुकडे.

जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्यानं १९१९ च्या सुमाराला एक साधी गोष्ट केली: रुळाच्या खालच्या अंगालाही चाकं लावली. तोवर गाडी रुळावर नुसती ठेवलेली असे, त्यामुळे डोंगराचा माथा जरा तीव्र केला की ती उडण्याची भीती. खालून धरणारी चाकं आली आणि डोंगर मनासारखे तीव्र करता येऊ लागले. चढावर कटकट आवाज येतो तो साखळी तुटलीच तर गाडी मागे येऊ नये म्हणून बसवलेल्या खटक्याचा. त्यातही मिलरचं नाव घेतलं जातं. पुढे १९५९ मध्ये डिस्नीलँडच्या मॅटरहॉर्नसाठी अ‍ॅरो कंपनीनं लाकडावरची पोलादी पट्टी सोडून पोलादी नळीचा रूळ वापरला. नळी हव्या त्या दिशेला वाकवता येते, पीळही देता येतो. बहुतेक किटांमध्ये नळीच्या आकाराचे रूळ का असतात, याचं उत्तर त्या एका निर्णयात आहे.

आता मॉडेलांकडे. या छंदात ढोबळमानानं तीन-चार घराणी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही.

सगळ्यांत जुनं घराणं जोडणीच्या खेळण्यांचं. फ्रँक हॉर्नबीनं १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं, त्याचंच पुढे मेकॅनो झालं. जत्रेतली चालती यंत्रं मेकॅनोत बांधण्याची परंपरा मोठी आहे, पण ताठ पट्टीला कोस्टरचे वक्र मानवत नाहीत. ही अडचण अमेरिकेतल्या केनेक्सनं १९९० च्या दशकात सोडवली: काड्या आणि जोड वापरून मनोरे, आणि त्यांना अडकवलेली लवचीक नळी म्हणजे रूळ. मनोरा चार बोटं सरकवला की वळण बदलतं. लेगो या मैदानात खूप उशिरा आली. तिचा १०२६१ क्रमांकाचा संच २०१८ चा, ४१२४ तुकड्यांचा, साखळीच्या चढाचा. २०२२ च्या १०३०३ मध्ये दोन लूप आले. तुकडे ३७५६, उंची ९२ सेंटिमीटर आणि चढाऐवजी गाडीला सरळ वर नेणारा पाळणा. लेगोचे रूळ ठरावीक आकाराचे असतात, त्यामुळे सूचनांबरहुकूम जोडलं तर गाडी बहुधा चालतेच. माझं मत विचाराल तर हीच त्यांची उणीव आहे. कंपनीच्या अभियंत्यांनी सगळ्या चुका आपल्या वतीनं आधीच करून टाकलेल्या असतात. संच मोडून स्वतःचा आराखडा मांडायला घेतला की मगच तो शिकवू लागतो.

दुसरं घराणं छोट्या प्रमाणातल्या हुबेहूब प्रतिकृतींचं. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाखची फालर कंपनी १९४६ पासून आगगाड्यांच्या मॉडेलांसाठी घरं, स्थानकं आणि जत्रेतले पाळणे करते, कोस्टरही. प्रमाण एकास ८७. दिसायला यांच्याइतकं देखणं काही नाही, पण इथे एक चमत्कारिक पेच आहे. आकार लहान करता येतो, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही. मॉडेल मूळच्या जितक्या पट लहान, त्या पटीच्या वर्गमुळाइतकी त्याची घटना लवकर उरकते. एकास ८७ च्या मॉडेलमध्ये हे वर्गमूळ सुमारे ९.३. मूळ कोस्टरवरची दोन मिनिटांची फेरी मॉडेलवर तेरा सेकंदांत संपते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की कुणीतरी फीत वेगानं पळवतंय. जुन्या चित्रपटांत खेळण्यातल्या इमारती पाडताना कॅमेरा वेगानं चालवत, तो याच कारणानं. आता हे खिशातल्या फोनवर करता येतं. बऱ्याच फोनांत सेकंदाला २४० चित्रं टिपण्याची सोय असते. ती सेकंदाला ३० च्या गतीनं पाहिली की वेळ आठपट ताणली जाते. आठ हे ६४ चं वर्गमूळ, म्हणजे एकास ६४ च्या मॉडेलमधली गाडी पडद्यावर अगदी खऱ्या कोस्टरच्या चालीनं धावते. हा प्रयोग करून पाहिल्याशिवाय मॉडेलच्या वेगाबद्दल कुणी तक्रार करू नये.

तिसरं घराणं गोळीचं. जपानच्या बांदाई कंपनीनं १९८० च्या दशकात स्पेसवॉर्प आणलं. लांबच लांब नळीचं वेटोळं, उभे दांडे, रूळ धरणारे चिमटे आणि पोलादी छरे वर नेणारा फिरता स्क्रू. रूळ आपण मापून कापायचे. त्याच्या चिनी नकला आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. युरोपात राफेन्सबुर्गरचं ग्रॅविट्रॅक्स २०१७ पासून आहे. चीनच्या रोकर या नाममुद्रेचे लेझरनं कापलेल्या प्लायवुडचे संच मोठी माणसंही हौसेनं घेतात. गाडीवाले गोळीवाल्यांना कोस्टरचे मानत नाहीत, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. गोळीला खालून धरणारं चाक नाही, डबे नाहीत, आणि ती स्वतः गरगरते. भरीव गोळी सपाट पृष्ठभागावर घरंगळते तेव्हा तिच्या गतीच्या ऊर्जेपैकी दोन सप्तमांश नुसतं गरगरण्यात असते, दोन रुळांच्या फटीत बसली तर आणखी जास्त. म्हणून लूपसाठी तिला त्रिज्येच्या अडीच पट उंची पुरत नाही, २.७ पटीहून अधिक लागते. तरीही नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन. एक छरा, दोन नळ्या. चूक झाली तर छरा कुठे उडाला ते कानांना कळतं, आणि चिमटा दोन मिलिमीटर सरकवून लगेच पुन्हा सोडता येतो. (लहानपणी जत्रेत मिळणारं पेंग्विनांचं खेळणं आठवत असेल: जिना चढून घसरणारी ती रांग तत्त्वतः कोस्टरच होती. गाडीला पूर्ण वर्तुळभर मोटरनं ओढणारी, ‘कोस्टर’ असं नाव छापलेली खेळणी मात्र नाहीत.)

चौथे लोक किट वापरतच नाहीत. ते तांब्याची तार वाकवून झाळ देतात किंवा थ्रीडी प्रिंटरवर रूळ छापतात. त्यांच्यातले पुष्कळ जण आधी पडद्यावर कोस्टर बांधून आलेले असतात. क्रिस सॉयरचा ‘रोलरकोस्टर टायकून’ १९९९ चा. २००१ मध्ये आलेल्या ‘नोलिमिट्स’ची गणितं इतकी चोख निघाली की कोस्टर बांधणाऱ्या कंपन्यांनीही ते वापरलं. पडद्यावर सगळं शिकता येतं, आस आणि चाक यांच्यातलं घर्षण सोडून.

आणि मॉडेलचं सगळं गणित तिथेच फिरतं. समजा गाडीचं चाक आठ मिलिमीटर व्यासाचं, पोलादी आस दोन मिलिमीटरची, आणि पोलाद-प्लॅस्टिकचा घर्षणांक ०.२. आस चाकाच्या एक चतुर्थांश, म्हणजे रुळावरचा परिणामी अडथळा ०.०५. सपाट रुळावर एक मीटर धावलं की पाच सेंटिमीटर उंची खर्ची पडली. लूपमध्ये दाब वाढतो, म्हणून खर्चही वाढतो. बारा सेंटिमीटर त्रिज्येच्या लूपला पुस्तकी हिशेबानं तीस सेंटिमीटर उंची पुरायला हवी. प्रत्यक्षात आधीचा मीटरभर उतार आणि लूपची चढण धरून चाळीसच्या वर लागते. किटच्या चित्रातला चढ उगाच एवढा उंच नसतो. आता उपाय पाहा. चाक मोठं किंवा आस बारीक केली तर थेट फायदा. डब्यात नाणी ठेवली तर? वजन वाढवलं की गाडी लांब जाते अशी समजूत सार्वत्रिक आहे, पण आसाचं घर्षण वजनाबरोबरच वाढतं, त्यामुळे तिथे काहीच पदरात पडत नाही. लाभ होतो तो हवेच्या आणि रुळांच्या जोडांवरच्या ठेचांच्या बाबतीत, आणि त्या वजनानं मनोरे डुलू लागले तर लाभाचा तोटा होतो. डुलणारा मनोरा हा ऊर्जेचा सगळ्यांत मोठा चोर. गालिचावर हट्टानं अडणारं मॉडेल फरशीवर ठेवलं की चालतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की किट दुरुस्तीला आणणाऱ्याला आधी तेवढंच विचारतो. शिवणयंत्राचं तेल घालण्याआधीही थांबावं: ते धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी.

आपल्याकडे खऱ्या कोस्टरचा इतिहास लहान आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ चं. तिथला ‘नायट्रो’ बोलिगर अँड माबिलार्ड या नामांकित स्विस कंपनीनं बांधला आहे. चालत्या मॉडेलांचं मात्र आपल्याला वावडं कधीच नव्हतं. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर कारंजं उडवण्यासाठी सलाइनची नळी वापरणारी मुलं आणि गणेशोत्सवातले हलते देखावे करणारे कारागीर हे दोघेही या छंदाचे जुने जाणकार आहेत. देखाव्यात राक्षसाचा हात वर-खाली करायला लागणारी मोटर, तिची गती कमी करणारी दातेरी चाकं आणि मागे न फिरू देणारा खटका यांत कोस्टरच्या चढाला लागणारं बहुतेक सगळं येतं. तिसरं नाव अरविंद गुप्ता यांचं. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून त्रिमितीय सांगाडे करायला त्यांनी शिकवलं. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांच्यामुळे हजारो मुलांच्या हाताला असल्या कामाची चटक लागली. त्यांच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या जोडाला केनेक्सच्या जोडाचा गरीब भाऊ म्हणायची माझी तयारी नाही. लवचीकपणात तो वरचढ आहे.

मग हे पुस्तक आत्ताच का? एक कारण रुक्ष आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. बाहेरची किटं महागली, दुर्मीळ झाली, आणि जुनी, तुकडे हरवलेली किटं हातोहात फिरू लागली. अपुऱ्या संचातून कोस्टर उभा करायचा तर तुकड्यांच्या यादीपेक्षा तत्त्व माहीत असणं भाग आहे. दुसरं कारण शाळांचं. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर कित्येक शाळांत थ्रीडी प्रिंटर पोचले. त्यांवर काय छापायचं हा प्रश्न बऱ्याच शिक्षकांपुढे आहे, आणि किल्लीला लावायच्या नावाच्या पट्ट्या छापून वर्ष निघत नाही. तिसरं कारण असं की ऊर्जेच्या अक्षय्यतेचं गणित दहावीपर्यंत सगळेच सोडवतात, पण त्या गणितात ‘घर्षण नगण्य मानावे’ असं लिहिलेलं असतं. मॉडेलमध्ये ते नगण्य मानून चालत नाही, आणि किती मानायचं हे मुलांना स्वतः मोजता येतं.

पुस्तकाची मांडणी त्यामुळे किट कुठलं आहे यावर बेतलेली नाही. गाडी कुठे अडली, हा इथला मुख्य प्रश्न: चढावर, पहिल्या उताराच्या तळाशी, वळणात, लूपच्या माथ्यावर, की परत स्थानकात शिरताना. प्रत्येक ठिकाणी अडण्याची कारणं वेगळी असतात आणि ती शोधायची रीत वेगळी. वळणात अडलेली गाडी बहुधा रूळ आत पुरेसा कलला नसल्याची खूण असते, तर स्थानकाच्या तोंडाशी येऊन थांबलेल्या गाडीचा दोष पाच मीटर मागच्या एका डुलत्या दांड्यात निघू शकतो. किट नसणाऱ्यांसाठी तांब्याच्या तारेचा एक स्विचबॅक आणि प्लॅस्टिक नळीचा एक लूप सुरुवातीपासून बांधून दाखवला आहे. त्याला लागणारा माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत आणि इतरत्र हार्डवेअर व सायकलच्या दुकानांत मिळतो. चुंबकांनी गाडी फेकणारे कोस्टर जाणूनबुजून वगळले आहेत. घरच्या घरी तेवढा प्रवाह हाताळणं धोक्याचं आहे, आणि उंचीचा हिशेब अंगवळणी पडण्याआधी आयता वेग हाती येणं मला पसंत नाही.

वाचकाकडून अपेक्षा थोड्या आहेत. दहावीचं गणित, एक पाणसळ, मिलिमीटरच्या खुणा असलेली लांब पट्टी, आणि वही. मापं सगळीकडे मिलिमीटरमध्ये दिली आहेत. तार विकत घेताना दुकानदार गेज विचारतो, म्हणून तेवढ्यापुरता गेजचा तक्ता शेवटी जोडला आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, प्लायवुडचं किट उघडू नये. फुगलेल्या फटीत दाते बसत नाहीत आणि घासून बसवले तर दिवाळीपर्यंत सैल होतात. घरात रांगतं मूल असेल तर छरे आणि बटन सेल मोजून डबीत ठेवावेत आणि खेळ संपल्यावर पुन्हा मोजावेत. पहिल्या प्रकरणाला किट, मोटर, साखळी यांतलं काहीच लागत नाही. छरा दोन मीटर नळीवरून सोडायचा आहे आणि समोरच्या चढावर तो जिथवर पोचेल तिथे खूण करायची आहे.